पहिली पंगत

घंटा वाजवायचं काम माझं.
घंटा कसली, गॅसची रिकामी टाकी,
नीरफणसाच्या फांदीला दोरानं टांगलेली.
गजाचे दहा टोले पडले की सामोआच्या या किनाऱ्यावर
डुकरंसुद्धा वाट सोडून बाजूला होतात.

पण आज ऑक्टोबरातला दुसरा रविवार,
मुलांचा, पांढरा.
आज गज पेसामिनोच्या हातात. वय वर्षं सात.
मोजून दहा टोले दिले त्यानं, वर एक आगाऊ,
मोजताना चुकलो असलो तर असावा म्हणून.

मोठी माणसं आज मागच्या बाकांवर.
पाळकसाहेबही, गुडघे आवळून,
वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखे.

पुढे सगळं पांढरं.
काळ्या लाव्ह्याच्या खडकांवर वाळलेले सदरे,
गेल्या वर्षीचे झगे, खालची दुमड उसवून सोडलेले.
जिथे दुमड होती तिथे कापड जरा जास्तच पांढरं,
बोटभर.
तेवढी पोर वाढली.

आणि भिंतीला टेकून, वही छातीशी धरून, फुआतिनो.
सतरा वर्षांची.
गेल्या ऑक्टोबरात ती याच रांगेत उभी होती.

वही मोएलांगी बाईंची.
चाळीस वर्षं त्यांनी गावाकडून पाठांतर करून घेतलं,
माझ्याकडूनही.
अजून प्रार्थना म्हणताना मी श्वास घेतो
तो त्यांनी सांगितलेल्या जागीच.
डोळे गेले तेव्हा वही पोरीच्या हातात ठेवून म्हणाल्या,
'रागावू नकोस. पण सोडूही नकोस.'

सहा आठवडे.
बिस्किटांच्या पुठ्ठ्यांमागे ओळी लिहून
फुआतिनोनं त्या घरोघर वाटल्या.
कोणी नारळ खवताना पुटपुटला,
कोणी बसच्या टपावर,
आणि इलालिओ तर समुद्रात बुडी मारून.
त्याचे बुडबुडे तेवढे पाठ झाले.

तरी आज उभा राहिला, खडाखडा बोलला,
एका दमात, मधलं सगळं गिळून, थेट आमेनवर.
त्याच्या आजोबांनी डोळे पुसले.
त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं.

मग योनाचं नाटक.
मासा म्हणजे वादळानंतर वाटलेली निळी ताडपत्री,
आत सहा पोरं, शेपटीला एक दिशा, डोक्याला दुसरी.
योनाला गिळलं, ते झकास जमलं.
पण मासा ओकेचना.
आतून आधी भांडण ऐकू आलं,
मग कोणाचं तरी नाक ओढणं,
मग योनाच ओरडला, 'अगं, बाहेर कुठून?'

अख्खं चर्च हसलं. मीही.
फुआतिनो नाही हसली.
गुडघ्यांवर बसून तिनं ताडपत्रीची कड उचलली,
'उजेड दिसतोय ना, तिकडून,'
एवढंच म्हणाली.

मोएलांगी बाईंनी मान वळवली.
'कोण बोललं?'
'फुआतिनो, बाई.'
'हं. मला वाटलं मीच.'

आता जेवण.
रोज आम्ही आधी जेवतो, पोरं वाढतात.
आज चटईवर पहिली पंगत त्यांची
आणि वाढपी आम्ही, पांढऱ्या केसांचे, घामाघूम,
तारो, मासे, नारळाच्या दुधात शिजलेली पानं,
आईस्क्रीम संपेल या धास्तीनं सगळ्यांच्या माना एकाच दिशेला.

फुआतिनो ताट घेऊन मधेच थबकली.
कालपासून उपाशी होती, मला माहीत आहे.
चटईच्या या बाजूला की त्या?
इलालिओनं तोंडात घास असतानाच कुल्ले सरकवले
आणि शेजारची जागा थोपटली.
तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी काय सांगणार? साठी उलटली तरी
मला अजून बाईंचा धाक वाटतो.
मी तिच्या हातातलं ताट घेतलं.

ती बसली. पण अर्धीच,
एक गुडघा वर, कोणी पाणी मागितलं तर उठायला.
झग्याच्या काठाशी तीच बोटभर पांढरी पट्टी.

बाहेर पुन्हा एक टोला पडला.
पेसामिनोनं की आणखी कोणी,
मी बघायला गेलो नाही.
माझ्या हातात ताटं होती.